ठरावीक आर्ग्युमेंट घेऊन येणाऱ्या सिग्नलची वाट कशी पाहावी: क्यूटी जीयूआय टेस्टिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान पायथॉनमध्ये पायक्यूटी किंवा पायसाइड (क्यूटी ही लायब्ररी पायथॉनमधून वापरू देणारी पॅकेजेस) वापरून जीयूआय, म्हणजे खिडक्या-बटणांचा इंटरफेस, लिहिणाऱ्यांसाठी आणि त्याच्या टेस्ट पायटेस्ट-क्यूटी या प्लगिनवर चालवणाऱ्यांसाठी आहे. सी++ मध्ये काम करणाऱ्यांसाठी शेवटाकडे एक वेगळा प्रश्न घेतला आहे. फंक्शन आणि क्लासची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. कोड लिहिताना अर्थातच ती डॉक्युमेंटेशनमधल्या स्पेलिंगप्रमाणे लिहावीत.

सिग्नल आला एवढं कळलं की झालं ना? आर्ग्युमेंट कशाला तपासायचं?

पोस्टमन दारात आला म्हणजे आपण ज्याची वाट पाहतोय ते पत्र आलंच असं होत नाही. सिग्नलचंही तसंच आहे: काही घडल्याची क्यूटीच्या ऑब्जेक्टनं दिलेली सूचना म्हणजे सिग्नल, आणि सोबत येणारी माहिती म्हणजे त्याची आर्ग्युमेंट. जीयूआयमध्ये एकच सिग्नल एका कृतीतून अनेकदा सुटतो आणि दरवेळी त्याच्यासोबतची माहिती वेगळी असते.

क्यूस्पिनबॉक्सचं उदाहरण घ्या. त्याची कमाल मर्यादा ९९९ ठेवली, आतला मजकूर पुसला आणि टेस्टमधून १२३ टाइप केलं, तर व्हॅल्यूचेंज्ड सिग्नल तीनदा येतो: आधी १, मग १२, मग १२३. कीबोर्डट्रॅकिंग ही प्रॉपर्टी मुळातच चालू असल्यामुळे प्रत्येक कळीला सिग्नल सुटतो. टेस्टनं नुसतं ‘व्हॅल्यूचेंज्ड आला का’ एवढंच विचारलं, तर पहिल्याच आकड्याला तिचं समाधान होतं. उरलेले दोन आकडे पोचलेच नाहीत तरी टेस्ट हिरवी, म्हणजे पास.

याहून घातक उदाहरण वेबइंजिनव्ह्यूचं. लोडफिनिश्ड हा सिग्नल पान नीट उघडलं तरी येतो आणि उघडायचं फसलं तरी येतो. फरक फक्त सोबतच्या बूलियनमध्ये. ते न पाहणारी टेस्ट ‘पान उघडतं’ असं छातीठोकपणे सांगते, आणि प्रत्यक्षात पान उघडलेलंच नसतं. लाल टेस्ट निदान आपल्याला थांबवते. चुकीच्या कारणानं हिरवी झालेली टेस्ट मात्र वर्षानुवर्षं तशीच राहते आणि तिच्यावर कुणी शंका घेत नाही. म्हणून मी हा विषय किरकोळ मानत नाही.

पायटेस्ट-क्यूटीमध्ये हे लिहायचं कसं?

क्यूटीबॉट या फिक्स्चरवर (प्लगिन टेस्टला पुरवतं त्या मदतनीस ऑब्जेक्टवर) वेटसिग्नल नावाची मेथड आहे. पहिलं आर्ग्युमेंट म्हणजे ज्याची वाट पाहायची तो सिग्नल. त्यानंतर टाइमआउट मिलिसेकंदांत, मग रेझिंग, आणि मग आपल्या कामाचं चेक_पॅरम्स_सीबी. या शेवटच्या जागी एक फंक्शन द्यायचं, त्यालाच पुढे कॉलबॅक म्हटलं आहे. सिग्नल सुटला की प्लगिन त्याची सगळी आर्ग्युमेंट या फंक्शनला देतं. फंक्शननं खरं म्हटलं तर वाट पाहणं संपतं. खोटं म्हटलं तर ती खेप सोडून दिली जाते आणि पुढच्या खेपेची वाट सुरू राहते.

वरच्या स्पिनबॉक्ससाठी हे फंक्शन एका ओळीचं होतं: एक आकडा घ्यायचा आणि तो १२३ आहे का ते परत द्यायचं. मग विथ ब्लॉक उघडून त्यात वेटसिग्नल लिहायचं आणि ब्लॉकच्या आत कीक्लिक्सनं आकडे टाइप करायचे. १ आणि १२ या खेपा गाळल्या जातील, १२३ ला ब्लॉक सुटेल.

विथ ब्लॉकच का? आधी बटण दाबून मग वाट पाहिली तर?

तर सिग्नल हुकेल. त्याच थ्रेडवर सुटणारे बहुतेक सिग्नल ताबडतोब पोचतात. म्हणजे बटण दाबणारी ओळ पूर्ण होईपर्यंत सिग्नल सुटून, सगळ्या स्लॉटना (सिग्नलला जोडलेल्या फंक्शनना) भेटून मोकळाही झालेला असतो. त्यानंतर कान लावून बसण्यात अर्थ नाही.

विथ ब्लॉकमध्ये क्रम बरोबर बसतो. ब्लॉकमध्ये शिरताना प्लगिन सिग्नलला जोडून घेतं, मग आतली कृती होते, आणि ब्लॉकमधून बाहेर पडताना प्रत्यक्ष वाट पाहिली जाते. कृती चालू असतानाच हवा तो सिग्नल येऊन गेला असेल तर बाहेर पडताना अजिबात थांबावं लागत नाही.

यातून एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी निघते: टाइमआउटचं घड्याळ ब्लॉकच्या शेवटी सुरू होतं, सुरुवातीला नाही. आतली कृती कितीही रेंगाळली तरी टाइमआउट तिला अडवत नाही. मोडल डायलॉगच्या (बंद केल्याशिवाय बाकीची खिडकी वापरू न देणाऱ्या डायलॉगच्या) प्रश्नात याचा पुन्हा संबंध येईल.

माझी अट पूर्ण झालेली दिसते, तरी टाइमआउट होतो. का?

सगळ्यात आधी फंक्शनमध्ये रिटर्न लिहिलंय का ते पाहा. पायथॉनमध्ये रिटर्न नसलेलं फंक्शन नन देतं आणि नन म्हणजे ‘नाही’. तुलना बरोबर असते, उत्तर मात्र हवेत विरून जातं. लॅम्ब्डामध्ये (एका ओळीच्या बिननावी फंक्शनमध्ये) हा घोळ होत नाही, सरळ लिहिलेल्या फंक्शनमध्ये होतो.

मग आर्ग्युमेंटची संख्या पाहा. सिग्नल दोन गोष्टी घेऊन येत असेल तर फंक्शननंही दोन घ्यायला हव्यात. क्यूप्रोसेसचा फिनिश्ड सिग्नल एक्झिट कोड आणि एक्झिट स्टेटस अशा दोन्ही गोष्टी देतो. तुम्हाला फक्त कोड हवा असला तरी दुसऱ्यासाठी जागा ठेवावी लागते.

हे दोन्ही ठीक असेल तर तुलनेत काय काय येतंय त्याचे प्रकार तपासा. इथे सर्वांत जास्त वेळ खाणारा सापळा एनमचा, म्हणजे नावं दिलेल्या ठरावीक किमतींच्या प्रकाराचा आहे. पायक्यूटी६ मध्ये क्यूटीचे बहुतेक एनम हे पायथॉनचे खरे एनम झाले, पायसाइड६ नेही ६.४ आवृत्तीपासून तोच रस्ता धरला. क्यूचेकबॉक्सचा स्टेटचेंज्ड सिग्नल मात्र साधा पूर्णांक पाठवतो. टिक केल्यावर २ येतो. पायक्यूटी६ मध्ये हा २ आणि चेकस्टेटमधला चेक्ड हा सदस्य यांची थेट तुलना कायम खोटी ठरते, आणि ती कुठलीही तक्रार न करता खोटी ठरते. आलेल्या पूर्णांकाला आधी चेकस्टेट या एनममध्ये गुंडाळा, मग तुलना करा. क्यूटी ६.७ पासून चेकस्टेटचेंज्ड हा नवा सिग्नल आला आहे. तो एनमच पाठवतो, त्यामुळे नव्या कोडमध्ये तोच वापरणं बरं.

टाइमआउटच्या संदेशातून काही कळतं का?

बरंच कळतं, आणि तो घाईत वाचून सोडून देऊ नये. दोन वेगळ्या परिस्थितींसाठी प्लगिन दोन वेगळे संदेश देतं. सिग्नल एकदाही आला नाही तर संदेश म्हणतो की सिग्नल सुटलाच नाही. सिग्नल आला पण अटीत बसला नाही तर आलेल्या आर्ग्युमेंटची यादी छापली जाते आणि अमुक कॉलबॅकचं समाधान झालं नाही असं सांगितलं जातं.

पहिल्या प्रकारात शोध ॲप्लिकेशनच्या वायरिंगमध्ये घ्यायचा: कृती चुकीच्या विजेटवर झाली का, बटण डिसेबल्ड आहे का, कुठे ब्लॉकसिग्नल्स चालू राहिलंय का. दुसऱ्या प्रकारात यादीकडे नीट बघा. १ आणि १२ दिसतायत, १२३ नाही, म्हणजे तिसरी कळ पोचली नाही. यादीत २ दिसतोय आणि अट तर २ चीच आहे, म्हणजे वरचा एनमचा घोळ.

संदेशात कॉलबॅकचं नाव येतं, म्हणून मी लॅम्ब्डापेक्षा नाव असलेलं छोटं फंक्शन पसंत करतो. ‘किंमत_१२३_झाली’ अशा अर्थाचं नाव वाचून पुढच्या माणसाला टेस्ट न उघडताही अंदाज येतो.

सिग्नल सुटलाच नाही असं येतंय, पण सेटव्हॅल्यू तर मी स्वतः बोलावलंय!

आधीची किंमत तीच होती का? स्लायडर आधीच ५० वर असताना पुन्हा ५० दिलं तर व्हॅल्यूचेंज्ड येत नाही. काही बदललंच नाही तर बदलाचा सिग्नल कसा येणार? टेस्टच्या सुरुवातीला विजेट माहीत असलेल्या वेगळ्या स्थितीत आणून ठेवा.

दुसरी शक्यता सिग्नल निवडण्यात आहे. क्यूलाइनएडिटचा टेक्स्टएडिटेड फक्त वापरणाऱ्यानं टाइप केल्यावर सुटतो, कोडमधून सेटटेक्स्ट केल्यावर नाही. टेक्स्टचेंज्ड दोन्ही वेळा सुटतो.

अट कॉलबॅकमध्ये लिहू की ब्लॉक संपल्यावर असर्ट करू?

हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण दोन्ही चालतं आणि दोन्हीचा अर्थ वेगळा आहे.

विथ ब्लॉकला नाव दिलं, समजा ब्लॉकर, तर बाहेर पडल्यावर ब्लॉकरच्या आर्ग्स या ॲट्रिब्यूटमध्ये ज्या खेपेनं वाट संपवली तिची आर्ग्युमेंट यादीच्या रूपात मिळतात. त्यांच्यावर साधा असर्ट (अट खोटी ठरली तर टेस्ट पाडणारी ओळ) करता येतो.

सिग्नल एकदाच सुटायला हवा असेल, तर कॉलबॅक देऊच नका. सिग्नलची वाट पाहा आणि आर्ग्सवर असर्ट करा. चुकीची किंमत आली तर टेस्ट तत्क्षणी पडेल, पायटेस्ट अपेक्षित आणि आलेली किंमत शेजारी शेजारी दाखवेल. हेच कॉलबॅकमध्ये लिहिलं असतं तर चुकीची किंमत गाळली गेली असती आणि टाइमआउट पूर्ण होईपर्यंत टेस्ट विनाकारण बसून राहिली असती.

सिग्नल अनेकदा सुटणं हे नैसर्गिक असेल आणि त्यातली एकच खेप तुमच्या कामाची असेल, तेव्हा कॉलबॅक. डाउनलोडची प्रगती ० पासून १०० पर्यंत कळवणारा वर्कर, नेटवर्क मॅनेजरचा फिनिश्ड ज्यात वेगवेगळ्या पत्त्यांचे रिप्लाय येतात, फाइलसिस्टिमवॉचरचा फाइलचेंज्ड ज्यात कुठल्याही फाइलचा मार्ग असू शकतो, ही सगळी कॉलबॅकची ठिकाणं.

आणि दोन्हींची सांगडही घालता येते, बऱ्याचदा तीच उत्तम ठरते. नेटवर्क रिप्लायच्या टेस्टमध्ये कॉलबॅकनं फक्त ‘हा माझ्याच पत्त्याचा रिप्लाय आहे का’ एवढंच ठरवावं. त्यात एरर आहे का, मजकूर बरोबर आहे का, हे ब्लॉक संपल्यावर असर्टनं. कॉलबॅकचं काम ओळख पटवण्याचं, असर्टचं काम निवाड्याचं. निवाडा कॉलबॅकमध्ये कोंबला की प्रत्येक अपयश टाइमआउटच्या वेशात येतं आणि खरं कारण हुडकत बसावं लागतं.

कॉलबॅकच्या आत असर्ट लिहिला तर काय बिघडतं?

कॉलबॅक स्लॉटच्या आतून चालतो. तिथे उडालेलं एक्सेप्शन सरळ तुमच्या टेस्टपर्यंत येत नाही. पायटेस्ट-क्यूटी ते पकडून ठेवतं आणि टेस्ट नापास करतं, त्यामुळे ते हरवत नाही. पण अटीत न बसणाऱ्या पहिल्याच खेपेला टेस्ट बाद होते, आणि गाळण्यासाठी लिहिलेल्या फंक्शनचा गाळण्याचा हेतूच संपतो. खरं-खोटं परत द्या, बाकी काही नको.

टाइमआउट किती ठेवावा?

पायटेस्ट-क्यूटीच्या ४.० आवृत्तीपासून न सांगता मिळणारा टाइमआउट ५००० मिलिसेकंद आहे. त्याआधी तो १००० होता. क्यूसिग्नलस्पायची वेट मेथडही ५००० च धरते.

टाइमआउट म्हणजे थांबण्याचा कालावधी असा समज करून घेऊन लोक तो कमी करत जातात, टेस्ट वेगवान व्हाव्यात म्हणून. त्याचा उपयोग होत नाही. पास होणारी टेस्ट सिग्नल येताक्षणी पुढे जाते. टाइमआउट ५ सेकंदांचा असो की ५० चा, तिला तेवढाच वेळ लागतो. टाइमआउट फक्त नापास होणारी टेस्ट किती वेळ आशा धरेल ते ठरवतो. तो सढळ ठेवा. सीआयच्या (कोड बदलला की टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेच्या) मशीनवर एकाच वेळी अनेक कामं चालू असतात. तिथे २०० मिलिसेकंदांचा टाइमआउट म्हणजे कधी पास, कधी नापास अशा टेस्टना आमंत्रण.

अपवाद एकच: सिग्नल येऊ नये हे तपासताना प्रत्येक यशस्वी टेस्ट पूर्ण कालावधी थांबते, तिथे तो छोटा ठेवावा लागतो.

रेझिंग हे काय प्रकरण आहे?

ते खरं असेल तर टाइमआउटला एक्सेप्शन उडतं. आता डीफॉल्ट तेच आहे. खोटं दिलं तर टेस्ट मुकाट्यानं पुढे जाते आणि ब्लॉकरचं सिग्नल_ट्रिगर्ड तुम्हालाच पाहावं लागतं. पूर्ण प्रोजेक्टसाठी पायटेस्टच्या कॉन्फिगमध्ये क्यूटी_डीफॉल्ट_रेझिंग ठरवता येतं. जुन्या प्रोजेक्टमध्ये ते खोटं करून ठेवलेलं सापडलं तर वेळ काढून ते खरं करा. काही टेस्ट लाल होतील. त्या आधीपासूनच तुटलेल्या होत्या.

मॉडेलच्या डेटाचेंज्ड सिग्नलमध्ये माझा सेल आला हे कसं ओळखायचं?

इथे समान आहे का अशी तुलना बहुधा चुकते. डेटाचेंज्ड तीन गोष्टी देतो: बदललेल्या भागाचा वरचा-डावा इंडेक्स, खालचा-उजवा इंडेक्स आणि रोलची (सेलमधल्या माहितीच्या प्रकारांची, जसं दिसणारा मजकूर किंवा रंग) यादी. मॉडेल एका सेलसाठी सिग्नल देईल किंवा आख्ख्या रांगेसाठी एकच देईल. दोन्ही नियमाला धरून आहे. ‘वरचा-डावा इंडेक्स माझ्या सेलइतकाच आहे’ अशी अट लिहिलीत तर उद्या कुणी मॉडेल सुधारून सिग्नल एकत्र केले की टेस्ट विनाकारण मोडेल. तुमची ओळ आणि तुमचा स्तंभ त्या चौकटीत पडतो का ते पाहा.

रोलच्या यादीतही खाच आहे. ती रिकामी असेल तर त्याचा अर्थ ‘कोणताच रोल बदलला नाही’ असा नसून ‘सगळे रोल बदललेले समजा’ असा आहे. म्हणून अट अशी लिहावी: यादी रिकामी आहे, किंवा माझा रोल तिच्यात आहे.

शिवाय क्यूमॉडेलइंडेक्स जपून ठेवण्यासाठी नसतो. मॉडेलची रचना बदलली की जुना इंडेक्स निकामी. ब्लॉकरच्या आर्ग्समधून तो काढून नंतर मॉडेलमध्ये ओळी घालत बसलात तर त्यावर विसंबू नका. ओळ-स्तंभाचे आकडे लगेच काढून घ्या, किंवा क्यूपर्सिस्टंटमॉडेलइंडेक्स बनवा.

दशांश अपूर्णांकांची तुलना?

थेट समानता टाळा. ०.१ आणि ०.२ ची बेरीज फ्लोटमध्ये ०.३ च्या बरोबर भरत नाही, हे सर्वांना माहीत असूनही टेस्टमध्ये विसरलं जातं. पायटेस्टचं ॲप्रॉक्स कॉलबॅकमध्येही चालतं. क्यूडबलस्पिनबॉक्स दोन दशांश स्थळांपर्यंत किंमत गोल करतो हेही ध्यानात ठेवा. ३.१४१५९ दिलंत तर ३.१४ च्या आसपासचा आकडा मिळेल. स्थळं वाढवायची असतील तर डेसिमल्स प्रॉपर्टी बदला.

एकाच नावाचे दोन सिग्नल असतील तर?

क्यूटी ५ मध्ये क्यूस्पिनबॉक्सचा व्हॅल्यूचेंज्ड पूर्णांक घेऊनही येत असे आणि स्ट्रिंग घेऊनही. पायक्यूटीमध्ये चौकटी कंसात प्रकार लिहून हवा तो निवडावा लागतो. क्यूटी ६ नं स्ट्रिंगवाला काढून टाकला, त्या जागी टेक्स्टचेंज्ड आहे. कॉम्बोबॉक्सच्या करंटइंडेक्सचेंज्डची गोष्ट तशीच. स्ट्रिंग हवी तर करंटटेक्स्टचेंज्ड वापरा. क्यूटी ५ वरून ६ वर येताना ज्या टेस्ट अचानक टाइमआउट होऊ लागतात त्यांच्यात हे कारण आधी तपासावं.

एकाच वेळी अनेक सिग्नल, प्रत्येकाची अट वेगळी, आणि क्रमही महत्त्वाचा. जमेल?

जमेल. वेटसिग्नल्स सिग्नलची यादी घेतं आणि चेक_पॅरम्स_सीबीएस या जागी कॉलबॅकची यादी. दोन्ही याद्यांची लांबी सारखी हवी, नाहीतर व्हॅल्यूएरर येतो. ज्या सिग्नलला अट नको त्याच्या जागी नन ठेवा.

क्रमासाठी ऑर्डर नावाचं आर्ग्युमेंट आहे आणि त्याच्या तीन किमती आहेत. नन हा शब्द स्ट्रिंग म्हणून दिला तर कोणत्याही क्रमानं आले तरी चालतात. सिंपल दिलं तर दिलेला क्रम पाळला पाहिजे, पण मधे जादा खेपा आल्या तर हरकत नाही. स्ट्रिक्टमध्ये यादीतल्या सिग्नलची एकही जादा खेप खपत नाही. अ आणि मग ब अपेक्षित असताना अ, अ, ब आले तर सिंपल पास करतं, स्ट्रिक्ट नाही.

एकच सिग्नल यादीत पुन्हा पुन्हा लिहिता येतो, आणि ठरावीक आर्ग्युमेंटची खरी ताकद तिथे दिसते. सॉकेटचा स्टेटचेंज्ड घ्या. होस्टलुकअप, कनेक्टिंग, कनेक्टेड अशा अवस्था याच क्रमानं यायला हव्यात. यादीत तोच सिग्नल तीनदा, प्रत्येकासाठी एका अवस्थेचा कॉलबॅक, आणि ऑर्डर स्ट्रिक्ट. एवढ्या चार ओळींत संपूर्ण अवस्थांतर तपासलं जातं. यासाठी लोक स्वतःचा लॉग लिहिणारे स्लॉट आणि झेंडे उभे करतात. त्याची गरज नाही.

नापास झाल्यावर संदेश वाचता यावा म्हणून सिग्नलऐवजी सिग्नल आणि त्याचं नाव अशी जोडी देता येते. पायसाइड वापरत असाल तर ती सवय लावून घ्या.

ठरावीक आर्ग्युमेंटचा सिग्नल येऊ नये, हे कसं तपासू?

असर्टनॉटएमिटेड आहे, पण त्याला आर्ग्युमेंटची अट देता येत नाही. ते कोणत्याही खेपेला टेस्ट पाडतं. त्यामुळे वेटसिग्नल उलटं वापरा: नको असलेल्या किमतीचा कॉलबॅक, छोटा टाइमआउट, रेझिंग खोटं, आणि शेवटी सिग्नल_ट्रिगर्ड खोटं आहे असा असर्ट.

माझ्या मते याहून चांगला मार्ग असा: काम संपल्याचा एखादा नक्की येणारा सिग्नल शोधा आणि त्याची वाट पाहा. दरम्यान आलेल्या सगळ्या किमती एका साध्या यादीत जमवा आणि शेवटी नको ती किंमत यादीत नाही हे तपासा. ‘२०० मिलिसेकंदांत आला नाही’ आणि ‘काम संपेपर्यंत आला नाही’ यांत पहिलं अंदाजावर उभं आहे, दुसरं वस्तुस्थितीवर.

सिग्नल दुसऱ्या थ्रेडवरून येत असेल तर काही वेगळं करावं लागतं का?

वेटसिग्नल मुख्य थ्रेडवरच वापरा आणि टेस्टमध्ये टाइम मोड्यूलचं स्लीप कधीही लिहू नका. वर्कर थ्रेडवरून आलेला सिग्नल रांगेत पडतो. मुख्य थ्रेडचा इव्हेंट लूप (रांगेतल्या घटना एकेक करून हाताळणारं चक्र) फिरला तरच तो पोचतो, आणि स्लीप तो लूपच थांबवतं. थांबणं भागच असेल तर क्यूटीबॉटचं वेट लूप चालू ठेवून थांबतं.

वर्करनं सिग्नलमधून पायथॉनची यादी किंवा डिक्शनरी पाठवली आणि नंतर तीच वस्तू बदलत राहिला, तर कॉलबॅकला दिसणारी किंमत सिग्नल सुटतानाची असेलच असं नाही. नवी प्रत पाठवा. हा टेस्टचा प्रश्न नाही, ॲप्लिकेशनमधला दोष आहे.

ब्लॉकच्या आत डायलॉग उघडला आणि टेस्ट गोठली. टाइमआउटही झाला नाही.

मोडल डायलॉगचं एक्झेक डायलॉग बंद होईपर्यंत परत येत नाही. ब्लॉक संपत नाही, त्यामुळे टाइमआउटचं घड्याळ सुरूच होत नाही. उपाय तीन. क्यूटाइमरच्या सिंगलशॉटनं आधीच एक काम लावून ठेवा, जे डायलॉग उघडल्यावर त्यातलं बटण दाबेल. किंवा एक्झेकऐवजी ओपन वापरा, ते लगेच परत येतं. किंवा क्यूमेसेजबॉक्सचा क्वेश्चन असेल तर मंकीपॅचनं (टेस्टपुरतं ते फंक्शन बदलून) थेट ‘होय’ परत द्यायला लावा. मेसेजबॉक्स कसा दिसतो हे तपासणं तुमचं काम नसेल तर तिसरा उपाय सर्वांत स्वच्छ. जोडीला पायटेस्ट-टाइमआउट प्लगिन लावून ठेवा, म्हणजे गोठलेली एक टेस्ट सीआयचा पूर्ण तास खाणार नाही.

यापेक्षा वेटअंटिल सोपं नाही का?

काही ठिकाणी आहे. तुम्हाला अंतिम स्थितीशी मतलब असेल, लेबलवर ‘जतन झालं’ दिसावं एवढंच हवं असेल, तर वेटअंटिल घ्या. ते दिलेलं फंक्शन पुन्हा पुन्हा तपासतं. त्यात असर्टही लिहिता येतात, इथे मात्र फंक्शननं खरं-खोटं द्यावं किंवा काहीच परत देऊ नये. पण क्षणभर येऊन जाणारी गोष्ट त्यातून निसटू शकते. प्रगती ५० वर आली होती का, एरर कोड ४०४ कळवला गेला होता का, हे नंतर स्थितीत उरत नाही. ते सिग्नलच्या आर्ग्युमेंटमध्येच असतं.

सी++ मध्ये क्यूसिग्नलस्पाय वापरतो. त्यात आर्ग्युमेंटची अट कुठे देतात?

थेट देता येत नाही. स्पाय ही खेपांची यादी आहे आणि प्रत्येक खेप म्हणजे क्यूव्हेरियंटची यादी. वेट मेथड पुढची कोणतीही खेप आली की परत येते. म्हणून क्यूटेस्टमधलं क्यूवेटफॉर वापरा. ते क्यूटी ५.१० पासून आहे आणि त्याला एक लॅम्ब्डा देता येतो. लॅम्ब्डानं स्पायमधल्या सगळ्या खेपा चाळून हवी ती आहे का ते सांगायचं. आधी आलेल्या खेपाही यात धरल्या जातात.

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण स्पायचं वेट तसं नाही. कृतीतच सिग्नल सुटून गेला असेल आणि त्यानंतर तुम्ही वेट बोलावलंत, तर ते आधीची खेप मोजत नाही. नवी येईपर्यंत थांबतं आणि ती न आल्यास खोटं परत देतं. ‘स्पायचा काउंट १ आहे, तरी वेट खोटं का?’ याचं उत्तर हेच.

स्वतःचे प्रकार आर्ग्युमेंट म्हणून पाठवत असाल तर क्यूटी ५ मध्ये ते मेटाटाइप म्हणून नोंदवावे लागतात, नाहीतर स्पायमध्ये त्यांची किंमत मिळत नाही.

क्यूटी सोडून इतरत्र ही कल्पना आहे का?

आहे. जीटीके ज्यावर उभी आहे त्या जीऑब्जेक्टमध्ये नोटिफाय सिग्नलला दोन कोलन आणि प्रॉपर्टीचं नाव जोडलं की फक्त त्याच प्रॉपर्टीच्या बदलाला हँडलर चालतो. तिथे गाळणी सिग्नलमध्येच बसवलेली आहे. ब्राउझर टेस्टिंगच्या प्लेराइटमध्ये एक्स्पेक्ट_रिस्पॉन्स किंवा एक्स्पेक्ट_इव्हेंटला प्रेडिकेट (खरं-खोटं सांगणारं फंक्शन) देता येतं आणि पायथॉनमध्ये तेही विथ ब्लॉकमध्येच लिहितात, कारण तिथेही आधी कान लावायचा आणि मग कृती करायची असते.

माझ्या मशीनवर पास, सीआयवर टाइमआउट. सुरुवात कुठून करू?

डिस्प्ले नसलेल्या मशीनवर क्यूटी_क्यूपीए_प्लॅटफॉर्म हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ऑफस्क्रीन करा, किंवा लिनक्सवर एक्सव्हीएफबी (आभासी डिस्प्ले) चालवा. त्यानंतरही फोकसवर अवलंबून असलेले सिग्नल अडतात, कारण खिडकी ॲक्टिव्ह होण्याआधीच कळा दाबल्या जातात. विजेट दाखवल्यावर वेटएक्सपोज्ड, आणि फोकस लागत असेल तर वेटॲक्टिव्ह वापरा. मग टाइमआउटचा संदेश उघडून पाहा: सिग्नल आलाच नाही, की आला पण अटीत बसला नाही. आला पण अटीत बसला नसेल तर छापलेल्या किमती तुमच्या मशीनवरच्या किमतींशी पडताळा. तारखा, दशांशचिन्ह आणि फाइलमार्ग यांत मशीनच्या लोकेलचा आणि ऑपरेटिंग सिस्टिमचा फरक येतो, आणि स्ट्रिंगची हुबेहूब तुलना तिथे अडखळते. अशा टेस्टमध्ये क्यूलोकेल स्वतः ठरवून द्या आणि मार्गांची तुलना पाथलिबच्या पाथ ऑब्जेक्टनं करा.